चार आकडे

विहिरीला दगडी घोड्याचं तोंड होतं, असं ती नवी बाई बोलता बोलता सहज म्हणाली, आणि शिट्टीबाईनं वाजवायला ओठांत धरलेली शिट्टी न वाजताच सुटून गळ्यातल्या दोरीला लोंबत राहिली. अकराची बॅच बायकांची. टँकच्या उथळ बाजूला आठ जणी कठडा धरून पाय आपटत होत्या, एकमेकींच्या तोंडावर पाणी उडवून शाळा सुटल्यासारख्या हसत होत्या. ही नववी. पन्नाशीला टेकलेली, दातांची डॉक्टर. चष्मा काढून ठेवल्यामुळे डोळे बारीक करून पाण्याकडे बघत काठावर बसलेली. पावलं पाण्यात, पण बोटं फरशीच्या कडेवर अशी रोवलेली की नखं पांढरी पडली होती. "हसू नका हं मॅडम," ती म्हणत होती. "दिवसभर मी लोकांना सांगते, तोंड उघडा, काही होत नाही. आणि इथं माझीच दातखीळ बसलीय. गुडघ्यांनी संप केलाय हो, म्हणून आले. नाहीतर सहा वर्षांची होते तेव्हापासून मी बादलीतसुद्धा वाकून बघत नाही. विहिरीत पडले होते ना. आमच्या गावाला पायऱ्यांची विहीर होती, सतरा पायऱ्या, आणि झरा यायचा तो घोड्याच्या तोंडातून. ते तोंड बघायला वाकले आणि गेले." शिट्टीबाईनं विचारू नये ते विचारलं. "मग?" डॉक्टरीण म्हणाली, "मग काय. एका बाईनं काढलं. खालच्या वस्तीतली होती कुणी. आजोबांनी तिला नवंकोरं लुगडं दिलं म्हणे. मला काही आठवत नाही. हिरवा अंधार आठवतो, आणि कुणीतरी केस धरून ओढल्याचं."

"आज नुसते पाय भिजवा," शिट्टीबाई म्हणाली. "पहिल्या दिवशी तेवढं पुष्कळ." आवाज नेहमीसारखा आला याचं तिला नवल वाटलं. वीस वर्षं टँकवर ओरडून ओरडून तिचा आवाज तिच्यापासून सुटा झाला होता. आत काही पडझड झाली तरी तो आपला कामावर हजर. टँकवर तिला सगळे शिट्टीबाईच म्हणत. पगारपत्रकावरचं नाव खिडकीतल्या पासवालीला तेवढं ठाऊक, आणि पासवालीलाही त्यातून काही कळलं नसतं, कारण आडनाव लग्नानंतरचं, जिथं लावाल तिथं लागणारं. मूळच्या कुठल्या, असं कुणी विचारलं तर ती जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगे आणि लगेच विचारी, "आणि तुम्ही?" लोकांना स्वतःबद्दल सांगायला आवडतं. या युक्तीवर तिची बारा वर्षं निभावली होती. त्याआधीच्या टँकवर युक्ती सुचली नव्हती. तिथं एकदा कुणीतरी गाव, वस्ती, सगळं खणून काढलं, आणि पंधरा दिवसांत सकाळच्या बॅचमधल्या पाच जणींनी नाव काढून घेतलं. भांडल्या नाहीत, काही नाही. एकीनं फक्त मॅनेजरला जाताना गोड आवाजात विचारलं होतं, "पाणी रोज बदलता का हो?"

घोड्याचं तोंड शिट्टीबाईनं स्वतः कधी पाहिलं नव्हतं. तिला घोड्याचा कान ठाऊक होता. विहिरीपासून चाळीस पावलांवर एक सपाट खडक होता, खालच्या वस्तीच्या बायकांनी रिकामे हंडे घेऊन बसायचा. तिथून विहिरीच्या भिंतीवरचा तेवढा कान दिसे, शेवाळानं हिरवा झालेला. बायका उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसत. वरच्या आळीची कुणी आली, तिला वेळ असला, मन असलं, तर ती आपल्या घागरीतून उंचावरून धार सोडी, हंड्याला घागर लागू न देता, आणि निम्मं पाणी खडकावर सांडून जाई. एकदा मागायचं, दुसऱ्यांदा मागणं म्हणजे मस्ती. हसायचं नाही, नाहीतर हसता कुणाला? गप्प बसायचं नाही, नाहीतर तोंडं कसली वर करून बसलात? लुगड्याचा काठ आत खोचलेला हवा, म्हणजे लांबून ओळखू यावं की ही कुणातली, आणि वाटेवरून बाजूला व्हायचं काम तिचं. पाच वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. भूक लागते हे कुठं कुणी शिकवतं?

आई दगडाच्या खाणीत खडी फोडायला जाई. खाणीच्या जुन्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं असे, प्यायच्या लायकीचं नसलेलं, म्हणून कुणाच्या मालकीचं नसलेलं. खाणीतल्या बायका त्यात अंग धुवायला उतरत आणि तिथंच पोहायला शिकलेल्या होत्या. वरच्या आळीच्या बायकांना पाणी हवं तेवढं होतं, पोहता एकीलाही येत नव्हतं. त्या सकाळी विहिरीवर किंचाळी उठली, बाप्ये सगळे शेतावर, आणि पायऱ्यांवर सात-आठ जणी नुसत्या हात वर करून "अगं काढा, कुणीतरी काढा" म्हणून ओरडत राहिल्या. काढलं ते आईनं. पोरगी बाहेर आली, पालथी घातली, पोटातलं पाणी ओकली, रडली. पोरीच्या आईनं झडप घालून तिला शिट्टीबाईच्या आईच्या कुशीतून ओढून घेतलं तेव्हा दोघींचे हात एकमेकींत अडकले होते. तेवढा एक क्षण कुणी कुणाला शिवलं नव्हतं असं म्हणता यायचं नाही. मग सगळ्यांना आठवलं. पोरीचा आजोबा आला. पोरीला आंघोळ घातली की भागलं, पण विहीर बाटली होती. ती तीन दिवस उपसली, उपसायला माणसं खालच्या वस्तीचीच, बिनमोल. आणि आईला चौकात उभं केलं. ओल्या लुगड्यानिशी. सगळ्या गावानं बघावं की पाणी कुणी बाटवलं. अंगाला चिकटलेलं लुगडं, आणि येणारे-जाणारे बाप्ये कारण नसताना दोन-दोनदा त्याच वाटेनं येत-जात होते. आई एकदाच बोलली. "घरी जाऊन कोरडं नेसून येते, मग उभी राहते," म्हणाली. त्यावर रहाटाचा दांडा तिच्या उजव्या कोपरावर बसला. शिट्टीबाई उभ्या गाडीच्या सावलीत बसून होती. वर बघायची तिला छाती झाली नाही. ती आईच्या पावलांभोवतीचं पाण्याचं थारोळं बघत राहिली. ते आधी परातीएवढं होतं, मग ताटलीएवढं, मग नुसता ओला डाग, मग तोही नाही. उन्हं उतरली तेव्हा लुगडं कडकडीत वाळलं होतं.

डॉक्टरीण टँकवर भेटली त्या संध्याकाळी शिट्टीबाई घरी आली तर आई खिडकीशी बसून मटार सोलत होती. डाव्या हातानं. उजवा हात कोपरात वाकलेला, सुपाला आधार देण्यापुरताच कामाचा. बेचाळीस वर्षांत तो कधी सरळ झाला नाही. "तोंड का उतरलंय?" आई म्हणाली. "कानात पाणी गेलंय का?" ती म्हणाली, "हो." आईनं मटाराचे चार दाणे तिच्यापुढे केले, लहानपणी करायची तसे. आई त्या दिवसाबद्दल कधीच बोलली नव्हती. कोपराचं कुणी विचारलं तर "पडले होते" म्हणे, आणि फार खोदलं तर "वयानं होतं असं" म्हणे, तिशीतसुद्धा. शिट्टीबाईला वाटलं, आता सांगून टाकावं: आई, ती आली होती, काठावर बसली होती, तिला वाटतं तुला लुगडं मिळालं. पण तिनं ते दाणे तोंडात टाकले. सांगितलं तर आई काय करील याची तिला भीती नव्हती. आई काहीच करणार नाही, "बरं" म्हणून पुढची शेंग सोलायला घेईल, याची होती.

दुसऱ्या दिवसापासून तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटायला लागली. तसं झालं काहीच नव्हतं. डॉक्टरीण रोज येई, अकराला पाच कमी असताना, टॉवेल नीट घडी करून, आणि रोज एक पायरी जास्त उतरे. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. मग कठडा धरून पाय मारणं, मग तोंड पाण्यात घालून बुडबुडे. दर नव्या गोष्टीआधी ती लहान मुलीसारखं विचारी, "तुम्ही इथंच आहात ना?" आणि शिट्टीबाई म्हणे, "इथंच आहे." म्हणताना आपण कुणाला धमकी देतोय असं तिला वाटे. डॉक्टरणीचा हात हातात घेतला की तो ऊबदार लागे, मऊ, स्वच्छ नखांचा, आणि तिच्या स्वतःच्या तळव्याला घाम फुटे, पाण्यात असूनही. आठ जणींपैकी एखादी खोल बाजूला सरकली तरी तिचं लक्ष नसे. लक्ष या एका मानेवर, मानेवरच्या करड्या केसांवर. हेच ते केस. घरी बटाटे चिरताना सुरी थांबे. रस्ता ओलांडताना गाडी येऊन थांबेपर्यंत दिसत नसे. एकदा तिनं डॉक्टरणीला म्हणून बघितलं, "संध्याकाळच्या बॅचला दुसऱ्या कोच आहेत, फार छान शिकवतात, तुम्हाला वेळही सोयीची पडेल." डॉक्टरीण घाबरीघुबरी झाली. "नको हो. तुमच्याशिवाय मी पाण्यात बोटसुद्धा घालणार नाही. खरं सांगू? लहानपणापासून मी इतका विश्वास कुणावर टाकला नव्हता." मग पासवालीनं खिडकीतून हाक मारली, "शिट्टीबाई, तुम्हाला काय झालंय? उपास धरल्यासारख्या दिसताय," आणि ती म्हणाली, "गुडघे दुखतायत." दुसऱ्याचं दुखणं तोंडावर आलं ते कुठून, हे तिचं तिलाच कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाठीवर तरंगणं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. आधी कमरेचा काढायचा, मग मानेखालचा तळवा चार बोटांवर आणायचा, मग दोन बोटं, मग काहीच नाही. आणि शिकणारीला हे कळू द्यायचं नाही. कळलं की अंग आखडतं आणि माणूस बुडतो. म्हणजे फसवून शिकवायचं. कितीतरी बायकांना तिनं असं फसवलं होतं आणि त्यांनी नंतर आनंदानं पेढे वाटले होते. त्या दिवशी डॉक्टरीण आडवी झाली, कान पाण्याखाली गेले, डोळे मिटले, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरची सगळी गाठ सुटली. शिट्टीबाई वरून बघत राहिली. तो चेहरा इतका निवांत होता. पाण्याची भीती सोडली तर या बाईला कशाचीच आठवण नव्हती. कोपर नाही, थारोळं नाही, तीन दिवस विहीर उपसणारी माणसं नाहीत. बेचाळीस वर्षं हिनं ते लुगडं मनातल्या मनात घडी घालून ठेवलं होतं, आणि त्याच्यावर डोकं ठेवून सुखानं झोपली होती. शिट्टीबाईनं हात काढला. चार बोटं, दोन बोटं असं काही झालं नाही. नुसता काढला.

डॉक्टरीण तरंगली. दोन-तीन श्वास ती खरंच तरंगली, सरकत सरकत मधल्या दोरीखालून पलीकडे गेली, जिथं तळ उतरता होतो. मग तिनं डोळे उघडले आणि तिला कळलं की खाली कुणी नाही. अंग मधोमध दुमडलं. तोंड उघडलं ते पाण्यातच. शिट्टीबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. एक. डॉक्टरणीचे हात वर आले, हवेला धरू बघणारे, आणि खाली गेले. दोन. बाकीच्या बायका पलीकडे कुणाच्या तरी टोपीवरून हसत होत्या. तीन. पाण्याखाली केस मोकळे सुटून पसरले, आणि केसांखालून दोन डोळे तिच्याकडे बघत होते, उघडे. त्यांत राग नव्हता, दोष नव्हता, ती इथंच आहे एवढा भरवसा होता. चार. मग तिचा हात तिला न विचारता गेला, केसांत घुसला, आणि तिनं ओढलं.

बायका कपडे बदलायला गेल्यावर दोघीच बाकावर राहिल्या. डॉक्टरीण टॉवेल गुंडाळून कुडकुडत होती आणि माफी मागत होती. "माझीच चूक. मी डोळे उघडायला नको होते. तुमचा हात दुखला का? मी नखं मारली." मग ती ओल्या डोळ्यांनी हसली. "दुसऱ्यांदा वाचले बघा. आणि परत एका बाईनंच."

"पहिल्या वेळी माझी आई होती," शिट्टीबाई म्हणाली.

डॉक्टरीण हसतच राहिली, काय समजायचं ते न कळून. "म्हणजे?"

"खालच्या वस्तीतली कुणी म्हणालात ना. ती माझी आई."

"अय्या! म्हणजे तुम्ही आमच्या गावच्या? आणि इतके दिवस बोलला नाहीत? अहो, आजोबांनी त्यांना नवंकोरं..."

"नवं नाही दिलं. अंगावरचं वाळवलं. चौकात उभं करून, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. घरी जाऊन बदलून येते म्हणाली म्हणून हात मोडला. विहीर बाटली म्हणून." ती हे सगळं टँकची वेळ सांगावी तशा आवाजात बोलली. "तुमचं गाव, माझं नाही. माझी वस्ती होती. ती गावात धरत नसत."

डॉक्टरणीनं चष्मा शोधला, पुसला, घातला, परत काढला. "पण घरी तर सगळे..." असं म्हणाली आणि थांबली. मग टॉवेल खांद्यावर तसाच घेऊन ती उठली आणि बदलायच्या खोलीकडे गेली. ती बाहेर कधी पडली ते शिट्टीबाईला दिसलं नाही.

पुढचे तीन दिवस ती आली नाही. आता काय काय होईल याची यादी शिट्टीबाईच्या डोक्यात रवंथासारखी फिरत राहिली. डॉक्टरीण तक्रार करील. कोचनं बुडवलं म्हणेल, आणि ते खोटं ठरणार नाही. नाहीतर तक्रार करणार नाही, पण ओळखीतल्या चार जणींना सांगेल, आणि एकेक करून बॅच रिकामी होईल. नाहीतर काहीच करणार नाही, पण टँकसमोरून जाताना पलीकडच्या बाजूनं जाईल. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं निरोप धाडला की केबिनमध्ये या. ती कठडा धरून जिना चढली. मॅनेजर म्हणाला, "शिट्टीबाई, खोल बाजूची फरशी फुटलीय, बायकांना जपून उतरायला सांगा." एवढंच. ती खाली येऊन नळाखाली तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. या सगळ्या भीतींच्या तळाशी एक होती, जी यादीत बसत नव्हती. चार आकडे. ते तिनं मोजले होते, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीण आली. बॅच सुटल्यावर, बाहेरच्या कपड्यांत, हातात कागदी पिशवी. बाकावर बसली नाही. "आईला फोन केला," ती म्हणाली. "माझ्या आईला. भावाकडे असते, ऐंशीच्या पुढं आहे. विचारलं, त्या बाईला काय दिलं होतं? म्हणाली, लुगडं. परत विचारलं. म्हणाली, कशाला उकरतेस. तिसऱ्यांदा विचारलं तर रडायला लागली." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणाली, मी माडीवरून बघत होते. तुला मांडीवर घेऊन. दोनदा उठले होते म्हणाली, खाली जाऊन निदान कोरडं काहीतरी टाकावं तिच्या अंगावर. पण सासऱ्यांसमोर आवाज काढायची माझी प्राज्ञा नव्हती. लुगड्याचं मग तिनंच सांगायला सुरुवात केली. मला लहानपणी झोप लागत नसे म्हणून. पुढं घरातल्या सगळ्यांना तेच खरं वाटायला लागलं." पिशवी तिनं पुढं केली. आत लुगडं होतं. "मला माहीत आहे, हे बावळटपणाचं आहे. पण काय आणायचं असतं अशा वेळी, मला कळेना. त्या आहेत ना? मला भेटता येईल?"

शिट्टीबाईला त्या पिशवीचा इतका राग आला की तिला ती टँकमध्ये भिरकावून द्यावीशी वाटली. "विचारते," ती म्हणाली.

घरी ऊन अजून खिडकीत होतं. आईनं पिशवीतून लुगडं काढून डाव्या हाताच्या बोटांत कापड चोळून बघितलं. "चांगलं आहे. कुणाचं?"

"ती पोरगी भेटली, आई."

"कुठली?"

"विहिरीतली."

आईची बोटं थांबली. ती म्हणाली, "जगली का मग ती?" जणू त्या दिवसानंतर ही बातमी तिच्यापर्यंत कुणी आणलीच नव्हती, आणि शिट्टीबाईच्या ध्यानात आलं की खरंच, कुणी आणली असेल?

"पन्नाशीची झाली. दातांची डॉक्टर आहे. माझ्याकडे पोहायला येते."

"दातांची?" आई बोळक्या तोंडानं हसली. "आता येऊन काय उपयोग, माझे तर सगळे गेले." हसता हसता तिला खोकला आला. मग तिनं लुगड्याची घडी पहिल्यासारखी घातली, एका हातानं, गुडघ्यावर दाबून, आणि पिशवीत ठेवली. "परत दे."

"तुला भेटायचं म्हणते."

"कशाला? तिला हलकं वाटावं म्हणून? तिचं तिनं वाहावं की. मी माझं वाहिलं." रागानं नाही म्हणाली, भाजी महाग आहे, नको घेऊस, असं म्हणावं तसं म्हणाली.

शिट्टीबाई आईच्या पायाशी जमिनीवर बसली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण तिला खाली बसल्याशिवाय ते बोलता आलं नसतं. तिनं सगळं सांगितलं. हात काढल्याचं, दोरीचं, केसांचं. "ती बुडत होती आणि मी उभी होते, आई. आकडे मोजत होते. चार मोजले. तू त्याच पोरीसाठी उडी टाकलीस, आणि मी..."

"टाकली की," आई म्हणाली. "पण मोजून टाकली."

शिट्टीबाईनं वर बघितलं.

"तुला काय वाटलं, मी ऐकल्याबरोबर पळाले? पहिलं मनात आलं ते, मरू दे. दुसरं आलं ते, उतरले तर मला मारतील. मग वाटलं, त्यांच्यातली उतरेल कुणीतरी. चार का, मी जास्तच मोजले असतील. आणि तू पदर सोडत नव्हतीस. दोन्ही मुठींत धरून बसलेलीस, खडकाला चिकटल्यासारखी. तुला माझ्याआधी कळलं होतं काय होणार ते. तुझी बोटं एकेक करून सोडवली, मग गेले." तिनं वाकडा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला, तो नीट टेकत नसे, मनगटच तेवढं टेकायचं. "मोजतो माणूस. आपल्यासारख्यांना तर मोजावंच लागतं. उडी टाकलीस का नाही ते बघायचं."

शिट्टीबाईला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. तिला मुठी आठवल्या नाहीत, कितीही डोळे मिटले तरी. फक्त तळहात दुखायला लागले, आतून.

"आणि शिकव तिला," आई म्हणाली. "अर्धवट सोडू नकोस. धड पोहता येऊ दे. म्हणजे परत कुणा बाईला तिच्यापायी उडी टाकायला नको."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण पोहायच्या कपड्यांत आली होती, पण कठड्यापासून लांब उभी होती. शिट्टीबाईनं पिशवी तिच्या हातात दिली. "आई म्हणते, भेटायचं नाही. आणि हे नको." डॉक्टरणीनं मान हलवली. पिशवी ती बाकावर ठेवून आली. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "मग मी... मी यायचं की नाही?"

"यायचं. तुम्हाला शिकवायचं आहे, असं तिनं सांगितलंय." शिट्टीबाईनं आजूबाजूला बघितलं. आठ जणी पाय आपटत होत्या. बोलायची ही वेळ नव्हती, पण दुसरी वेळ आली असती तर ती बोलली नसती. "आणखी एक सांगते. त्या दिवशी तुम्ही बुडालात ते डोळे उघडल्यामुळे नाही. मी हात काढला, शिकवायला नाही काढला. आणि तुम्ही खाली गेल्यावर मी चार आकडे मोजले. मग ओढलं."

डॉक्टरणीचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. तिनं पाण्याकडे बघितलं, मग शिट्टीबाईच्या हातांकडे, मग पुन्हा पाण्याकडे. आता ती जाईल, शिट्टीबाईला वाटलं, सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये जाईल, आणि तिचं काही चुकणार नाही. डॉक्टरणीनं चष्मा काढून बाकावर पिशवीशेजारी ठेवला. कठड्याला धरून एक पायरी उतरली. दुसरी. छातीपर्यंत पाणी आल्यावर वळली.

"आज धराल?"

"धरीन."

"आणि काढाल?"

"काढल्याशिवाय येणार नाही तुम्हाला. पण काढताना सांगीन."

डॉक्टरीण मागं रेलली. डोळे मिटायला तयार नव्हते. तिनं ते उघडेच ठेवले, वर शिट्टीबाईच्या तोंडाकडे लावून. तिची मान आखडून दगडासारखी झाली होती, त्या डोक्याचा सगळा भार शिट्टीबाईच्या तळव्यात आला. बऱ्याच वेळानं मान एक बोटभर सैल झाली, मग आणखी एक. शिट्टीबाई वाकली, तिच्या कानाशी नाही, समोरून, ओठ दिसतील अशी.

"आता काढते हं," ती म्हणाली.